सहावी पुंगळी

दोन बहिऱ्या माणसांचं कसं जमतं हे ज्याला बघायचं असेल, त्यानं २००६ सालच्या त्या पानगळीत व्हर्नच्या गॅरेजात यायला हवं होतं. व्हर्न इंग्रजीत बोलायचा, राजाराम मराठीत, आणि ऐकू दोघांनाही धड येत नव्हतं, त्यामुळे भाषेची अडचण अशी त्यांना कधी आलीच नाही. चांगले कान असलेली माणसं तरी एकमेकांशी इतकं बोलत असतील का, मला शंका आहे.

राजाराम पुण्याच्या तांबट आळीतले. दहाव्या वर्षी हातात आलेला हातोडा पासष्टाव्या वर्षी सुटला. पंचावन्न वर्षं तांब्यापितळेवर घाव घालायचे, आणि शेजारची चार दुकानंही दिवसभर तेच करणार, म्हणजे कानांचं काय होईल हे सांगायला डॉक्टर लागत नाही. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. दुकान पुतण्यानं घेतलं. मग मुलगी मंजुषा म्हणाली, बाबा, सहा महिने तरी माझ्याकडे या. ती अमेरिकेत ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये औषधांवर संशोधन करायची. जावई सत्यजित सॉफ्टवेअरमधला, सरळ माणूस. सकाळी दोघं आपापल्या कामाला गेली की राजाराम त्या कार्पेटच्या घरात एकटे. घरात ठोकण्यासारखं काही नाही. भांडी स्टीलची, नाहीतर ती काळी नॉनस्टिक. देवघर म्हणजे स्वयंपाकघरातला एक कप्पा, आणि त्यात उदबत्ती कशात खोचलेली, तर अर्ध्या बटाट्यात. तांबटाच्या मुलीच्या घरी ही कळा. राजारामांनी एकदा बोलून दाखवलं, तर रोज सकाळी उदबत्ती लावणारा सत्यजित म्हणाला, "बाबा, बटाटा बेस्ट आहे. दर आठवड्याला नवा."

कानाचं यंत्र होतं त्यांच्याकडे, मंजुषानंच पैसे पाठवून घ्यायला लावलेलं. पण ते डबीत असायचं. त्यातून सगळं सारखंच वाजतं म्हणायचे, पत्रा काय आणि घंटा काय.

व्हर्नची ओळख त्यांना कानानं नाही, तळपायांनी झाली. एका दुपारी फेरी मारून येताना शेजारच्या गॅरेजासमोर जमीन थरथरल्यासारखी वाटली. शटर वर होतं. आत टेबलावर एक पातेल्याएवढं यंत्र गदगद हलत होतं, त्यात अक्रोडाच्या सालींचा भुगा आणि भुग्यात काहीतरी पिवळं वरखाली होत होतं. पितळ. राजाराम आपोआप आत गेले. कुणी बोलावलं नाही, कुणी अडवलं नाही. शहात्तर वर्षांचा व्हर्न स्टुलावर बसला होता. मोटारींच्या कारखान्यात चाळीस वर्षं साचे घडवलेला माणूस, कान तिथेच ठेवून आलेला. त्यानं या अनोळखी म्हाताऱ्याकडे पाहिलं, भुग्यात हात घातला, आणि एक पुंगळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

राजारामांनी ती उजेडात फिरवली आणि फिरवतच राहिले.

बोटाएवढी वस्तू. सांधा नाही. राजारामांनी आयुष्यात शेकड्यांनी बंब केले, त्यांचे सांधे गिऱ्हाइकाला दिसत नसत, पण ते कुठे आहेत हे राजारामांना ठाऊक असे. इथे मुळी सांधाच नव्हता. एका चकतीतून ओढत ओढत काढलेलं अंग, बुडाशी जाड, वर जाता जाता पातळ, आणि तोंडाशी तर कागदासारखं. त्यांनी बूड चिमटीत दाबून पाहिलं, दगड. तोंड दाबून पाहिलं, तर ते किंचित लवलं आणि परत आलं. एकाच पितळात दोन स्वभाव कुणी घातले? पंचावन्न वर्षं ज्या धातूशी संसार केला, त्याला असंही करता येतं हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं त्यांना वाटलं. ते जवळच्या उपड्या बादलीवर बसले.

"कोणी केलं हे?" त्यांनी मराठीत विचारलं.

व्हर्ननं इंग्रजीत काहीतरी लांबलचक उत्तर दिलं आणि दोघांचंही समाधान झालं.

खरं काय ते संध्याकाळी मंजुषानं चौकशी करून सांगितलं. हे बंदुकीचं काडतूस, म्हणजे बार उडून गेल्यावर मागे राहणारी पुंगळी. व्हर्न ती टाकून देत नाही. साफ करतो, बुडाची जळकी टोपी काढून नवी बसवतो, दारू भरतो, तोंडात गोळी घट्ट करतो, की झालं नवं काडतूस. नोव्हेंबरच्या मध्यावर इथे हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. व्हर्न वर्षाला एक हरीण मारतो आणि हिवाळाभर खातो. बंदूक त्याच्या वडिलांची. त्या मापाची काडतुसं आता कुठेच बनत नाहीत. आहेत त्या चाळीसेक पुंगळ्या संपल्या की बंदूक कायमची भिंतीवर.

"एकेक किती वेळा वापरली असेल?" राजारामांनी विचारलं.

"काही तर वीस वेळा, म्हणतो. आणि बाबा, बार उडाला ना की पितळ फुगतं आणि नळीला आतून चिकटतं, आणि लगेच सोडतं. म्हणून त्या सगळ्या पुंगळ्या त्या एका बंदुकीच्या मापाच्या झाल्यात. दुसऱ्या बंदुकीत नीट बसायच्या नाहीत, म्हणे."

वीस वेळा आगीतून गेलेलं पितळ, आणि अजून गोल. इकडे आपण केलेली कळशी एकदा आडात आपटली तर पोचा काढायला परत येते. हरणाचं काय ते राजारामांनी मनातून जरा बाजूला ठेवलं, माळकरी घरातला माणूस, दुसरं काय करणार. पण त्या पुंगळीला हात जोडावेत असं त्यांना वाटलं, आणि मंजुषाची पाठ वळल्यावर त्यांनी ते जोडलेही. ज्याला हसायचं असेल त्यानं हसावं.

तेव्हापासून ते रोज जायला लागले. व्हर्न एक स्टूल वाढवून ठेवायचा. हंगाम आठवड्याभरावर आला आणि एका गुरुवारी ते अक्रोडाचं यंत्र जळालं. धूर निघाला, मोटर गेली. व्हर्ननं टोप्या आधीच काढून ठेवल्या होत्या, पण पुंगळ्या तशाच काळ्या राहिल्या. तो डोकं खाजवत बसला. राजारामांनी कॉफीच्या डब्यात भरलेल्या त्या सगळ्या पुंगळ्या काखेत मारल्या, छातीवर हात ठेवला, आणि निघाले. म्हणजे पितळ घासायचंय ना? मग ते कुणाचं काम आहे?

शुक्रवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. इंडियन ग्रोसरीतून आणलेली चिंचेची वडी त्यांनी कोमट पाण्यात कुस्करली, त्यात मीठ टाकलं, बाह्या वर केल्या. किती दिवसांनी हातांना काम मिळालं होतं. आणि तिथेच घोटाळा झाला.

एकेक पुंगळी पुसताना ते तोंडाच्या कडेवरून नख फिरवत होते, सवयीनं. सहा पुंगळ्यांची तोंडं त्यांना लागली. लागली म्हणजे कडक लागली. पितळ आटलेलं, चिवटपणा गेलेला, आणखी एका बारात तडकणार. आता हे तांबटाला रोजचं आहे. ठोकून ठोकून भांडं कडक होतं, मग ते भट्टीत लाल करायचं, पाण्यात सोडायचं, की परत लोण्यासारखं मऊ. बाप, आजा, पणजा सगळ्यांनी हेच केलं. राजारामांनी गॅस मोठा केला, सहाच्या सहा पुंगळ्या जाळावर कडेनं मांडल्या, आणि प्रत्येक बुडापासून तोंडापर्यंत लालबुंद झाली की चिमट्यानं उचलून पाण्यात सोडली. वाफ उठलेली दिसली. स्मोक अलार्म वाजला असेल तर तो त्यांना ऐकू आला नाही. मित्रावर आपण न सांगता उपकार करतोय, याचा त्यांना इतका आनंद झाला होता की ते गुणगुणत होते.

पुंगळ्या काळ्या पडल्या होत्या, त्या त्यांनी बाकीच्यांबरोबर चिंचेत टाकल्या आणि अंगठ्यानं घासल्या. तासाभरात सगळ्यांचं सोनं झालं. कुठली भाजलेली आणि कुठली नाही, ओळखू येईना, आणि ओळखायची गरजही त्यांना वाटली नाही. मुलगी यायच्या आत डबा व्हर्नला नेऊन दिला.

शनिवारी सकाळी व्हर्न स्वतः दारात आला. डबा हातात. एक पुंगळी काढून त्यानं उन्हात धरली आणि नुसता राजारामांकडे बघत राहिला. मग हातानं चला म्हणाला. राजाराम अंघोळ करून नुकतेच बाहेर आले होते, देवाला हात जोडायचे राहिले, तसेच निघाले. सत्यजित बाजारहाटाला गेला होता. मंजुषाला सुटी, ती म्हणाली, मीही येते.

व्हर्नला त्यांना आपलंही एक कसब दाखवायचं होतं. त्यानं एक पत्र्याचं ताट मांडलं, त्यात पाणी ओतलं, आणि पाण्यात पुंगळ्या उभ्या केल्या, अर्ध्याअधिक बुडालेल्या. मग हातातल्या छोट्या बर्नरची निळी ज्योत एकीच्या मानेवर धरली. चार-पाच सेकंद, रंग पालटला, आणि बोटानं तिला पाण्यात आडवी पाडली.

राजारामांना गंमत वाटली. म्हणजे यालाही हे माहीत आहे तर. पण अर्धवटच का? "मंजे, त्याला विचार, पाणी कशाला? अख्खी का नाही तापवत?"

मंजुषानं विचारलं. व्हर्ननं बर्नर बंद केला आणि सावकाश सांगितलं. ती ऐकता ऐकता गंभीर झाली, मग बापाच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलली. "ते म्हणतायत, तोंड मऊ पाहिजे, पण बूड कडकच राहिलं पाहिजे. बार उडतो तेव्हा सगळा जोर बुडावर येतो. बूड मऊ असलं तर ते फाटतं आणि आग मागे येते. आणि मागे वीतभरावर यांचा चेहरा असतो. पाणी आहे ते बूड गार ठेवायला. यांच्या ओळखीच्या एकाचा डोळा गेलाय असा."



राजाराम डब्याकडे बघत राहिले. चाळीसेक पुंगळ्या, एकसारख्या झळझळीत. त्यात सहा बुडापर्यंत मऊ. काळा डाग ओळख सांगायला होता, तोही आपणच चिंच लावून काढला. आपल्या हातांनी. आणि खरं सांगायचं तर मिनिटभर त्यांच्या मनात आलं की गप्प बसावं, रात्रीतून डबा हलवावा, हरवला म्हणावं. तांबट आळीत ज्याच्या शब्दावर लोक भांडी घेत, त्यानं परक्या मुलखात कुठल्या तोंडानं सांगायचं की मला पितळ कळलं नाही?

"मंजे," ते म्हणाले, "त्याला सांग, यातल्या सहा मी काल लाल केल्यात. बुडासकट."

मंजुषाला पहिल्यांदा वाटलं आपणच चुकीचं ऐकलं. "बाबा, नक्की?"

"गॅसवर. सहा. सांग त्याला."

तिनं सांगितलं. व्हर्न ओरडला नाही. त्यानं डब्यात हात घातला, दोनचार पुंगळ्या काढून चष्म्याखाली धरल्या, परत ठेवल्या. मग भिंतीवरच्या बंदुकीकडे बघितलं. कोपऱ्यात भंगाराची बादली होती, तिच्याकडे तो डबा घेऊन निघाला. जाता जाता हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाला?"

"वडिलांची आठवण आहे, पण चेहरा माझा आहे, म्हणाले."

राजारामांनी उठून डब्यावर हात ठेवला. दोन म्हातारे एका डब्याला धरून उभे. "त्याला सांग, थांब. भाजलेल्या पितळाचा नाद जातो. ठोकलं की परत येतो. बघून नाही कळणार, पण वाजवून कळतं. चांगली पुंगळी खणखणीत वाजेल, भाजलेली बद्द."

व्हर्ननं ते ऐकलं, स्वतःच्या कानातलं यंत्र बोटानं दाखवलं, मग राजारामांच्या कानाकडे बोट केलं, आणि खांदे उडवले. ऐकणार कोण?

राजाराम मुलीकडे बघत होते. तिला ते बोलण्याआधीच कळलं.

"नाही हं, बाबा," ती म्हणाली. "वीस वर्षं झाली. मी नाही."

आता ही गोष्ट तांबट आळीत अजून कुणाला माहीत नाही. राजारामच्या कानाला फसवता येत नाही, असं सगळी आळी म्हणायची. जुनं भांडं विकत घ्यायचं, बंबाला चीर आहे का बघायची, की माणसं राजारामकडे आणत. राजाराम भांडं बोटांवर तोलून टिचकी मारायचे, डोळे मिटायचे, आणि निकाल द्यायचे. तो कधी चुकला नाही. पण त्यांचे कान चाळिशीतच गेले होते. बारीक नाद त्यांना ऐकूच यायचा नाही. शाळेतून आलेली नऊ वर्षांची मंजू दुकानात पोत्यावर भिंतीकडे तोंड करून अभ्यास करत बसायची, आणि तिचा डावा हात पाठीमागे असायचा. पंजा उघडा, खणखणीत. मूठ बंद, बद्द. सहा वर्षं हे चाललं. बायकोलाही ठाऊक नव्हतं. मंजू दहावीत गेल्यावर राजाराम लोकांना म्हणायला लागले, आता डोळ्यांनी दिसत नाही, परीक्षेचं काम आणू नका. कानाचं नाव त्यांनी काढलं नाही.

"त्याला सांग," राजाराम म्हणाले, "माझ्या नावानं जो कान होता तो माझा नव्हता. हिचा होता म्हणावं."

मंजुषानं ते वाक्य इंग्रजीत करायला बराच वेळ लावला. व्हर्न दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला आणि मग त्यानं डबा टेबलावर ठेवला. व्हाइसच्या, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीच्या, पाठीवर एक सपाट जागा होती, ती फडक्यानं पुसून दिली. रस्त्याकडचं शटर खाली ओढलं.

मंजुषा भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली. डावा हात पाठीमागे नेला. चौतीस वर्षांची बाई, अंगात युनिव्हर्सिटीचा स्वेटशर्ट, पण राजारामांना तिची वेणी आणि पोतं दिसलं.

त्यांनी पहिली पुंगळी उचलली. लोखंडापासून टीचभर वर, आडवी, दोन बोटांत, आणि सोडली. एवढंच. पण ती टीच एकदाही दोऱ्याएवढी कमी झाली नाही की जास्त झाली नाही, बोटं सुटताना थरथरली नाहीत. व्हर्न वाकून बघायला लागला तो त्यांच्या बोटांकडेच. पुंगळी पडली, उडाली, थांबली. पंजा उघडा. दुसरी. पंजा उघडा. तिसरी, चौथी. राजारामांना काही ऐकू येत नव्हतं, पितळ त्यांच्यासमोर मुक्यानं पडत होतं, आणि त्याचा आवाज मुलीच्या हातावर उमटत होता. आठवी पडली आणि मूठ बंद झाली.

राजारामांनी ती वेगळी ठेवली. त्यांचे डोळे भरून आले. पण हात थांबवला असता तर टीच चुकली असती, म्हणून त्यांनी नाक नुसतं वर ओढलं आणि पुढची उचलली.

डबा संपला तेव्हा बाजूला पाच पुंगळ्या होत्या.

"सहा हव्यात," राजाराम म्हणाले.

परत सगळ्या कालवल्या, परत एकेक सोडली. मंजुषानं वळून पाहिलं नाही. परत पाचच. व्हर्ननं त्या पाचांवर खूण केली होती बुडाशी बारीक, तिला न दाखवता. त्याच पाच निघाल्या. त्यानं त्यातली एक व्हाइसमध्ये धरली आणि दांडा फिरवला, बूड कणीक दाबावी तसं दबलं. दुसरीही तशीच. मग एक चांगली म्हणून निवडलेली त्यानं जिवावर येऊन लावली, आणि दांडा अडकला. पितळ हललं नाही. व्हर्न खाली बसला. चाळीस वर्षं मी केसाच्या दहाव्या भागापर्यंत मापं घेतली, तो म्हणाला, हजारांनी हत्यारं वापरली, पण असं माप कुठे पाहिलं नाही. आणि तो दोघांपैकी कुणाकडे बघून बोलत होता ते कळलं नाही.

पण सहावीचं काय? एक जरी डब्यात राहिली, तर बुधवारी सकाळी ती व्हर्नच्या गालाशी असणार. त्यानं विचारलं, "तुम्ही नेल्या तेव्हा एकूण किती होत्या?" मंजुषा म्हणाली, अहो तुमच्या, तुम्हीच सांगा. त्यानं मान हलवली. मोजलेल्या नव्हत्या. दर वर्षी एखाददुसरी गवतात हरवते, वडील मोजायचे नाहीत, मीही नाही. चाळीसच्या वर होत्या एवढंच.

"बाबा, तुम्ही पाचच भाजल्या असतील," मंजुषा म्हणाली.

"सहा. जाळावर सहा मांडल्या."

"मग माझा कान गेला असेल. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"कान असा जात नाही. माझा हातोड्यानं खाल्ला. तुझ्याजवळ मी कुठे ठोकलं?" राजारामांनी मान हलवली. "त्याला सांग, मी सहा भाजल्या हेही खरं आणि तू पाच ऐकल्यास हेही खरं. म्हणजे सहावी या डब्यात नाहीच."

व्हर्ननं ते मनात घोळवलं. मग तो म्हणाला, "शोधा. संध्याकाळी सात वाजेपर्यंत थांबतो. उद्या मला दारू भरायला बसायचंय. सापडली नाही, तर सगळा डबा भंगारात." यात राग नव्हता. त्याच्या जागी राजाराम असते तर तेही हेच म्हणाले असते.

मग बापलेकीनं घर पालथं घातलं. सिंकची जाळी काढली, गॅसची शेगडी उचलली, कचऱ्याची पिशवी वर्तमानपत्रावर उपडी करून चिंचेचा चोथा बोटांनी चिवडला. राजारामांनी शर्टाचे खिसे उलटे केले. फ्रिजखाली टॉर्च मारला. काही नाही. चार वाजले. मंजुषा जमिनीवरच बसली, तिचा चेहरा उतरला होता. एकदा स्वतःच्या कानावर शंका आली की माणूस दुसरं काही धरून उभा राहू शकत नाही. राजारामांना तिच्याकडे बघवेना. सहा वर्षं तिच्या कानावर आपण नाव कमावलं, आणि आज पुन्हा तिलाच पणाला लावलं.

एवढ्यात सत्यजित आला, दोन्ही हातांत पिशव्या. "काय शोधताय एवढं?"

मंजुषानं सांगितलं, अर्धवट, दमलेल्या आवाजात. पितळेची, एवढी एवढी, बोटाएवढी नळी, एका बाजूनं बंद.

"ती?" सत्यजित म्हणाला. "ती तर काल रात्री मला सिंकमध्ये सापडली, चाळणीखाली. मला वाटलं बाबांनी माझ्यासाठी केली. बटाट्यावरून बोलले होते ना. सकाळी लावली मी, काय परफेक्ट बसली." आणि तो राजारामांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "बाबा, थँक यू हं. सांगायचं राहूनच गेलं."

राजारामांना शब्द कळले नाहीत, पण त्याचं बोट देवघराकडे गेलेलं दिसलं. सकाळी हात जोडायचे राहिले होते. ते कप्प्यापाशी गेले. गणपतीच्या पुढ्यात, तांदळाच्या चिमटीत रोवलेली, तोंडातून उदबत्तीची जळकी काडी वर आलेली, झळझळीत.

त्यांनी काडी काढली, राख झटकली, बूड धोतराला पुसलं. ओट्याच्या दगडापाशी आले. टीचभर वर धरली, आडवी, दोन बोटांत. मंजुषा तेव्हा उठून फ्रिजमध्ये दूध ठेवत होती, त्यांच्याकडे तिची पाठ होती. त्यांनी तिला हाक मारली नाही. पुंगळी सोडली.

दुधाचा कॅन तिच्या उजव्या हातात तसाच राहिला. डावा हात आपोआप पाठीमागे आला, आणि मूठ घट्ट मिटली.

राजारामांनी पुंगळी उचलली आणि चपला न घालताच व्हर्नच्या गॅरेजाकडे निघाले.